थायरॉइड काढल्यानंतर काय कधी सुरळीत होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचं वय ३४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर निघाल्यामुळे नऊ दिवसांपूर्वी संपूर्ण थायरॉइड काढलं. आवाज घोगरा झालाय, संध्याकाळकडे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, अंगात त्राण नाही. थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) १०० मायक्रोग्रॅमची गोळी आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, आणि विसरायला नको म्हणून त्या सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदमच दिल्या जातात. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. नातेवाईक सांगतात की आता वजन वाढणारच, कोबी-फ्लॉवर कायमचे बंद करा, आणि दुसऱ्या मुलाचा विचार सोडून द्या. 'आयुष्यभर गोळी' हे शब्दही मनातून जात नाहीत.

मी बरीच वर्षं मानेतल्या ग्रंथींच्या शस्त्रक्रिया करते, आणि ऑपरेशननंतर असे प्रश्न रोज ऐकते. बाकीचं सविस्तर सांगते, पण मुंग्यांचं आधी, कारण त्यात वाट बघून चालणार नाही.

मुंग्या येतात म्हणजे रक्तातलं कॅल्शियम कमी पडतंय असं धरून चाला. आजच, नाही जमलं तर उद्या सकाळी पहिलं काम म्हणून रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. त्याच रक्तात अल्ब्युमिन, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारा हार्मोन) करून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा होतो. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. बहुतेक ठिकाणी 'मुंग्या आल्यास जादा कॅल्शियमची गोळी घ्या' असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर ती द्या आणि सर्जनला फोन करा. हाताला पेटके येऊ लागले, म्हणजे अंगठा आपोआप तळव्याकडे ओढला जातोय, बाकीची बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटताहेत आणि हात सोडवू म्हटलं तरी सुटत नाही, तर फोनही करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. आचके आले, घसा आवळल्यासारखा झाला किंवा छातीत धडधडून चक्कर आली तरी तेच. तिथे शिरेतून कॅल्शियम देतात आणि बहुतेकदा थोड्याच वेळात पेटके सुटतात.

हे का होतं, ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. थायरॉइडच्या पाठीला चिकटून, सहसा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. नावात थायरॉइड असलं तरी त्यांचं काम पूर्ण वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. त्यांना रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात आणि त्या थायरॉइडच्या वाहिन्यांपासूनच फुटतात. कितीही जपून काम केलं तरी थायरॉइड सोडवताना या ग्रंथींना धक्का बसतो आणि काही काळ त्या काम थांबवतात. कॅल्शियम सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात खाली जातं, म्हणजे नेमकं रुग्ण घरी पोहोचल्यावर. आपल्याकडे ऑपरेशनच्या आधीपासूनच व्हिटॅमिन डी कमी असलेले लोक भरपूर आहेत, त्यांना हा त्रास जास्त जाणवतो. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत, काहींच्या काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. थोड्या लोकांना मात्र कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं तयार, सक्रिय रूप) कायम घ्यावं लागतं. सहा महिने ते वर्षभर वाट पाहिल्याशिवाय 'हे कायमचं आहे' असं कोणी ठरवू नये.

तुमच्या घरी आणखी एक गोष्ट घडते आहे, आणि ती आजपासून बदलायची. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की पोटातच कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि त्या गोळीचा बराच भाग रक्तात जातच नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. दुधाचा चहा आणि कॉफीनेही गोळीचं शोषण कमी होतं. दुसऱ्या बाजूने, कॅल्शियम कार्बोनेटला, म्हणजे शेलकॅलसारख्या नेहमीच्या गोळ्यांना, विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. म्हणून त्या जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यायच्या असतात, रिकाम्या पोटी नाही. आणि दिवसाचं सगळं कॅल्शियम सकाळी एकदम दिलं तर शरीर त्यातलं थोडंच घेतं, उरलेलं वाया जातं, आणि संध्याकाळ होईतो साठा संपतो. मुंग्या संध्याकाळीच येतात याचं एक कारण बहुधा हेच.

शाळेच्या शिक्षिकेचा दिवस मी असा आखून देते. पहाटे साडेपाचला उठल्या की थायरॉक्सिन, फक्त पाण्याबरोबर, गोळीबरोबर पाऊण भांडं पाणी तरी प्यायचं. मग अंघोळ, मुलाचं आवरणं, डबा. साडेसहानंतर चहा. कॅल्शियमचा पहिला डोस थायरॉक्सिननंतर किमान चार तासांनी, म्हणजे दहा-साडेदहाला मधल्या सुट्टीतल्या डब्याबरोबर. दुसरा दुपारी घरी आल्यावर जेवणासोबत किंवा चारच्या खाण्यासोबत, तिसरा रात्रीच्या जेवणानंतर. कॅल्सिट्रिऑल दिलं असेल तर ते कधीही चालतं, पण रोज एकाच वेळी. किती गोळ्या ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, मी फक्त त्या दिवसभर कशा पसरायच्या ते सांगतेय. सकाळी फारच धावपळ होत असेल तर थायरॉक्सिन रात्री झोपताना घेतलेलंही चालतं, मात्र जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत आणि रात्रीचं कॅल्शियम त्याहून आधी संपलेलं हवं. आपल्याकडे साडेनऊला जेवून साडेदहाला झोपणाऱ्यांना हे जमत नाही, त्यांनी पहाटच धरावी.

ॲसिडिटीच्या गोळीचंही बघा. पँटोप्रॅझोलसारखं औषध रोज चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट नीट लागू पडत नाही, थायरॉक्सिनही कमी शोषलं जातं. डिस्चार्जच्या वेळी पाच दिवसांसाठी लिहिलेली ही गोळी लोक पाच महिने घेत राहतात. गरज नसेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा, गरज असेल तर कॅल्शियम सायट्रेट मागा, त्याला आम्ल लागत नाही.

तीन-चार महिन्यांनंतरचीही एक खबरदारी आत्ताच लिहून ठेवा. ग्रंथी पुन्हा कामाला लागल्या तरी कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल तसंच चालू राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम उलट वाढतं. तहान खूप लागते, लघवीला वारंवार जावं लागतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, आणि लक्ष दिलं नाही तर मूतखडे होतात, मूत्रपिंडाला इजा होते. त्यामुळे ही औषधं मनाने बंद करायची नाहीत तशी मनाने चालूही ठेवायची नाहीत. तपासणी करत पायरीपायरीने उतरवायची.

आता मूळ मुद्दा. ऑपरेशननंतर शरीरातल्या चार-पाच गोष्टी सुधारत असतात आणि प्रत्येकीचा वेग वेगळा असतो. कॅल्शियमचा हिशेब तासांचा आणि दिवसांचा, जखमेचा आठवड्यांचा, आवाजाचा महिन्यांचा, थायरॉक्सिनचा सहा-सहा आठवड्यांच्या टप्प्यांचा, व्रणाचा वर्षाचा. घरची माणसं घाबरतात किंवा गाफील राहतात ती बहुतेकदा या वेळा एकमेकींत मिसळल्यामुळे. मुंग्यांना 'हळूहळू कमी होतील' म्हणून सोडून देतात, आणि गोळी सुरू होऊन आठच दिवस झालेत तरी थकवा का जात नाही म्हणून डॉक्टर बदलतात. नेमकं उलट करायला हवं.

थायरॉक्सिनचं बघू. हे औषध शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे आज सुरू केलेला किंवा बदललेला डोस रक्तात स्थिर व्हायला सहा आठवडे जातात. टीएसएच (डोस पुरतो की नाही ते दाखवणारी रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात ते यासाठी. दर पंधरा दिवसांनी तपासून गोळीचा पॉवर वर-खाली करत राहिलात तर कधीच पत्ता लागत नाही की कुठल्या डोसचा परिणाम दिसतोय. संपूर्ण थायरॉइड काढलेल्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे साठ किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. तुमच्या पत्नीला १०० दिलंय ते असंच काढलं असावं. पण हा फक्त सुरुवातीचा अंदाज, शेवटचा आकडा टीएसएच ठरवतो.

सावकाशपणाचा एक फायदाही आहे. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर काहीही बिघडत नाही. आठवलं की त्या दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेतल्या तरी चालतात, हृदयविकार असलेल्यांनी मात्र विचारून. याच सावकाशपणात धोका दडलेला आहे. गोळी सोडून आठवडा झाला तरी विशेष काही वाटत नाही, मग माणूस म्हणतो, 'बघा, गोळीशिवायही चालतंय.' महिना-दीड महिन्यात चेहरा सुजतो, आवाज जड होतो, थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, विचार मंदावतो. महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर बेशुद्धीपर्यंत जातं आणि तिथून परत आणणं अवघड असतं. ग्रंथी असून कमी काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तुमच्या पत्नीकडे आता ग्रंथीच नाही, ही गोळी म्हणजे तिला होणाऱ्या आजाराचं औषध नसून शरीराला रोज लागणारा तोच हार्मोन आहे. म्हणूनच 'थायरॉइड मुळापासून बरा करणारा' कुठलाही काढा, गुग्गुळ किंवा पावडर इथे लागू होऊच शकत नाही, ज्याला बरं करायचं ते जागेवरच नाही. अश्वगंधा तर घेऊच नका, तिच्याने थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वर गेल्याचं आढळलेलं आहे आणि मग रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

'आयुष्यभर गोळी' या शब्दांनी तुम्ही खचलात हे प्रश्नातून दिसतंय. म्हणून एक जुनी हकिकत सांगते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले थिओडोर कोखर हे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतले सगळ्यात मोठे नाव, १९०९ साली त्यांना याच कामाबद्दल नोबेल मिळालं. त्यांच्याच लक्षात आलं की ज्यांचं संपूर्ण थायरॉइड काढलं ते रुग्ण ऑपरेशनमधून नीट बाहेर पडतात आणि नंतर हळूहळू सुजत, मंदावत जातात. १८८३ साली त्यांनी हे स्वतः जाहीरपणे मांडलं. त्या लोकांना द्यायला तेव्हा काहीच नव्हतं. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशाच लक्षणांच्या एका बाईंवर उपचार सुरू केले. त्या पुढे अठ्ठावीस वर्षं जगल्या, आणि तेवढ्या काळात त्यांना लागलेल्या अर्कासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापराव्या लागल्या. आज तेच काम एक छोटी, स्वस्त गोळी करते, आणि तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये जुळवता येतो. ही गोळी घेऊन लोक शेती करतात, नोकऱ्या करतात, डोंगर चढतात, बाळंत होतात. मला ती आपल्या शास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या देणग्यांपैकी एक वाटते.

गोळीची बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवू नका, बाथरूममध्येही नको. उष्णता, ओल आणि उजेडाने गोळी कमजोर होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली बाटली मी वापरू देत नाही. गोळी तिच्या मूळ बाटलीतच राहू द्या. कंपनी शक्यतो बदलू नका, केमिस्टने 'हे पण तेच आहे' म्हणून दुसरी दिली आणि ती घ्यावीच लागली तर सहा आठवड्यांनी टीएसएच करा. उपवास कितीही करा, एकादशी, नवरात्र, काहीही, गोळी आणि पाणी चालतं. हरितालिकेचा निर्जळी उपवास असेल तर उपवास सुरू होण्याआधी घ्या. त्यातही एखादा दिवस चुकला तर वर सांगितलं तसं, घाबरण्याचं कारण नाही.

आता आवाज. नऊ दिवसांत घोगरा असणं हे बहुतेकदा काळजीचं नसतं. भुलीच्या वेळी घशातून नळी घातलेली असते, तिनेच आवाज काही दिवस बसतो. पण थायरॉइडच्या मागून स्वरतंतूंकडे जाणारी एक नस असते, दोन्ही बाजूंना एकेक. ती अखंड राहिली तरी ओढली गेली किंवा तिला सूज आली तर त्या बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो. हे ओळखायची एक खूण घरी बघा: पाणी पिताना ठसका लागतो का? घट्ट खिचडी नीट जाते पण साधं पाणी श्वासनलिकेत गेल्यासारखं होतं का? आवाजात हवा निसटल्यासारखी वाटते का, लांबलचक वाक्य बोलताना श्वास पुरत नाही असं होतं का? तसं असेल तर हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घ्यायला सांगा, आणि कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. दोन मिनिटांची तपासणी आहे. ठसका नसेल आणि फक्त घोगरेपणा असेल तर ऑपरेशनपासून दोन-तीन आठवडे वाट बघा, नंतर मात्र तपासणी टाळू नका. नस दुबळी झालेली असली तरी बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत सुधारते, क्वचित वर्षही लागतं. त्या काळात स्पीच थेरपीने खूप फरक पडतो, आणि सुधारलं नाही तर हलत नसलेल्या स्वरतंतूला इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने मध्यभागी आणता येतं. हातावर हात ठेवून सहा महिने बसायचं कारण नाही.

आणखी एक, फार बारीक नस वरच्या बाजूला असते. तिला धक्का लागला तर रोजचं बोलणं ठीक वाटतं, पण वरच्या पट्टीत आवाज जात नाही आणि तासाभरात थकतो. शिक्षकांना, कीर्तनकारांना, भाजी विकताना ओरडणाऱ्यांना हे लगेच कळतं, बाकीच्यांना वर्षभरही कळत नाही. पत्नी शाळेत परत जातील तेव्हा पहिले काही आठवडे वर्गात मागच्या बाकापर्यंत ओरडून शिकवायचं नाही. कॉलरला लावायचा छोटा माइक आणि कमरेचा स्पीकर मिळतो, तो घ्या. कुजबुजत बोलणंही टाळायला सांगा. लोकांना वाटतं त्याने आवाजाला विश्रांती मिळते, प्रत्यक्षात घशावर ताण वाढतो. हळू, साध्या आवाजात बोलावं आणि दिवसभर घोटघोट पाणी प्यावं. बहुतेक शिक्षिका तीन-चार आठवड्यांत रुजू होतात. मुख्याध्यापकांना आधीच सांगून पहिल्या महिन्यात प्रार्थना आणि कवायत दुसऱ्या कुणाकडे देता आली तर बरं.

जखमेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती सहसा छान भरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कापलेल्या रेषेच्या वरचा भाग टणक आणि फुगीर होतो, गिळताना कातडी आतून ओढल्यासारखी वाटते, हनुवटीखाली बधिरपणा राहतो. गाठ परत आली म्हणून लोक घाबरून येतात. ही भरून येण्याची सूज असते आणि तीनेक महिन्यांत मऊ पडते. मान ताठ धरून ठेवू नका, हळूहळू सगळ्या दिशांना वळवायला सुरुवात करा. मान दोन्हीकडे न दुखता वळेपर्यंत स्कूटर नको. दोन-तीन आठवडे पाण्याच्या भरलेल्या बादल्या आणि गॅस सिलिंडर उचलायचा नाही, मुलगा हट्ट करेल पण त्याला कडेवर घेणंही थोडं लांबवा, बसून मांडीवर घ्या. जखमेवर हळद, तूप, कोरफड काही लावू नका. पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल लावता येतं, आणि बाहेर पडताना वर्षभर सनस्क्रीन किंवा सुती ओढणी, कारण कोवळा व्रण उन्हाने काळा पडतो. मंगळसूत्र त्या रेषेवर घासत असेल तर काही दिवस काढून ठेवा किंवा लांब घाला. सासूबाईंना समजावून सांगायची जबाबदारी तुमची. ज्यांना आधी कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी जाड, खाजरा व्रण आला असेल त्यांनी लवकर दाखवावं.

मानेत रक्त साचण्याची भीती मुख्यतः पहिल्या चोवीस तासांची, ती वेळ टळली आहे. तरीही मान अचानक सुजून ताणली गेली, श्वास लागला, ताप येऊन जखम लाल झाली किंवा पू आला तर वाट बघायची नाही.

वजनाबद्दल नातेवाइकांना सांगा की डोस बरोबर असेल तर ग्रंथी काढल्यामुळे वजन ढिगाने वाढत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत हालचाल कमी, आराम जास्त, भेटायला येणारे पेढे आणतात, त्यात डोस अजून जुळलेला नसतो, एवढ्याने दोन-तीन किलो चढू शकतात. कोबी-फ्लॉवर थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाहीत म्हणून पथ्य सांगतात. ग्रंथीच नाही, तर पथ्य कशाचं? खुशाल खाऊ द्या. सोयाबीनचे पदार्थ फक्त गोळीच्या वेळेपासून दूर ठेवा. केस गळणं मात्र दोन-तीन महिन्यांनी होऊ शकतं, कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर होतं तसं, आणि पुन्हा येतात. त्यावेळी केसांच्या म्हणून ज्या गोळ्या लोक घेतात त्यांत बायोटिन असतं. बायोटिनने बऱ्याच लॅबमधल्या टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिनच्या (कॅन्सर परत येतोय का ते बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये खोटे आकडे येतात. टीएसएच खोटं कमी दिसलं की डॉक्टर डोस कमी करतात आणि मग खरा त्रास सुरू होतो. तपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवा आणि घेत असल्याचं सांगा. रक्त सकाळी, त्या दिवशीची थायरॉक्सिन घेण्यापूर्वी द्या.

काही रुग्णांचं टीएसएच अगदी हवं तिथे येतं, तरी थकवा राहतो. त्यांना 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम बघावं, झोप कशी आहे विचारावं, आणि कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर आलेली उदासी आहे का तेही विचारावं. चौतिसाव्या वर्षी, चार वर्षांचं मूल असताना हा शब्द ऐकलेल्या बाईला रात्री झोप लागत नसेल तर ते स्वाभाविक आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

पॅपिलरी कॅन्सरबद्दल. या वयातला, मानेपुरता राहिलेला हा कॅन्सर बरा होण्याच्या दृष्टीने सगळ्यात चांगल्या कॅन्सरांपैकी आहे. पुढे काय करायचं ते बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टवर ठरेल: गाठ किती सेंटिमीटर, आवरणाबाहेर गेली होती का, रक्तवाहिन्यांत शिरली होती का, लसिका गाठींत होती का. लहान, कमी जोखमीच्या गाठीला रेडिओआयोडीनची (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडीनची) गरज नसते, ते सगळ्यांना द्यायचं औषध नाही. जोखीम जास्त असेल तर टीएसएच मुद्दाम ०.१ च्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात, कमी असेल तर ०.५ ते २ पुरतं. तुमच्या पत्नीचं लक्ष्य कोणतं, हे डॉक्टरांना विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नाहीतर उद्या दुसरे कोणी डॉक्टर मुद्दाम खाली ठेवलेलं टीएसएच बघून डोस उतरवतील. उलट, गरज नसताना ते वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात, हे वय वाढेल तसं जास्त.

रेडिओआयोडीन द्यायचं ठरलंच, तर मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर अनेक दशकं हे काम करतंय, आता इतर शहरांतही सोय आहे. आधी एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार लागतो. साधं पॅकेटचं मीठ बंद. सैंधव चालतं म्हणतात, पण त्याच्याही पॅकेटवर आयोडीनयुक्त लिहिलेलं असतं, वाचून घ्या. मासे, सुकट, कोळंबी नको, दूध आणि अंडी कमी. पोविडोन आयोडीनच्या गुळण्या आणि मलम नको, हे कुणी सांगत नाही. ऑपरेशननंतर कॉन्ट्रास्ट (आयोडीन असलेलं औषध) देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर तेही सांगा. उपचारानंतर काही दिवस मुलाला जवळ झोपवता येणार नाही, कुशीत घेता येणार नाही. चार वर्षांच्या मुलाला हे समजत नाही, म्हणून तेवढे दिवस त्याला आजीकडे पाठवण्याची तयारी आधीच करा. किती दिवस, ते डोस बघून तिथले डॉक्टर सांगतात. रेडिओआयोडीन संपलं की आयोडीनचं मीठ पुन्हा सुरू करा, तुम्हाला नाही तरी मुलाला ते हवंच आहे.

आणि दुसरं मूल. होऊ शकतं. फक्त ऑपरेशन झालं असेल तर कॅन्सरची पुढची दिशा ठरल्यावर आणि टीएसएच व कॅल्शियम दोन्ही स्थिर झाल्यावर. रेडिओआयोडीन घेतलं तर त्यानंतर किमान सहा महिने थांबावं लागतं, बरेच डॉक्टर वर्षभर थांबायला सांगतात. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की पहिली भेट ठरेपर्यंत वाट बघायची नाही. त्याच दिवसापासून थायरॉक्सिन वाढवावं लागतं, साधारण आठवड्याला दोन गोळ्या जास्त, कारण पहिल्या तिमाहीत बाळाला आईच्याच हार्मोनवर अवलंबून राहावं लागतं. हे आधीच डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून घ्या. मग निम्मी गर्भावस्था होईपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि बाळंतपणानंतर डोस पुन्हा आधीएवढा. लोह आणि कॅल्शियम गरोदरपणात चालूच असतं, तेव्हाही चार तासांचं अंतर तेच. बाळाला अंगावर पाजायला ही गोळी आड येत नाही.

आज कॅल्शियमचा रिपोर्ट आला की आकडा, पॅकेटवर लिहिलेलं गोळीचं नाव आणि दिवसातून किती वेळा देताय ते सर्जनना कळवा. बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट हातात नसेल तर तोही त्यांच्याकडून मागून घ्या.